पाच दिवसांचा सेनापती, पंधरा महिन्यांचा कारभारी

१७ सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, मराठवाड्यात कुठंही झेंडावंदनाला जा, भाषणाचा क्रम ठरलेला असतो. आधी स्वामी रामानंद तीर्थ, गोविंदभाई श्रॉफ, सरदार पटेल. मग तालुक्यातले हुतात्मे, निजामाच्या पाठीराख्या सशस्त्र रझाकारांचे अत्याचार, भारतीय फौजा आल्या, निजाम शरण आला. तिथून भाषण थेट विकासाच्या अनुशेषावर येतं आणि संपतं. या सगळ्यात एक माणूस हमखास गळतो. हैदराबादच्या सेनापतीनं ज्याच्यापुढं शरणागती पत्करली आणि ज्यानं त्यानंतर पंधरा महिने औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद या तेव्हाच्या पाचही जिल्ह्यांचा कारभार लष्करी गव्हर्नर म्हणून हाकला, तो मेजर जनरल जयंतो नाथ चौधरी. मराठवाड्यात त्यांच्या जयंतीला कुणी हार घालत नाही आणि त्यांचा निषेधही कुणी करत नाही. एवढी सत्ता गाजवलेल्या माणसाच्या वाट्याला एवढी शांतता सहसा येत नाही.

ही शांतता मला सोयीची वाटते, आणि ती सगळ्यांच्याच सोयीची आहे. फौजा बिननावाच्या राहिल्या की त्यांच्या नायकाला प्रश्न विचारायची वेळ येत नाही. त्या पाच दिवसांचा पराक्रम मग ज्याला हवा त्याला वाटून घेता येतो, आणि पाच दिवसांनंतर जे झालं ते कुणाच्याच खात्यावर पडत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की चौधरींचं नाव १७ सप्टेंबरच्या चर्चेत आलं पाहिजे, पूर्ण हिशेबासकट आलं पाहिजे, आणि तो हिशेब मांडायचा पहिला हक्क ज्यांच्या गावांवरून त्यांचे रणगाडे गेले त्या आपल्याला आहे.

आधी माणूस कोण ते थोडक्यात. जन्म १९०८, कलकत्ता. सँडहर्स्टचं शिक्षण, १९२८ साली कमिशन, मग घोडदळ. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या मोहिमेत त्यांनी १६ व्या लाइट कॅव्हलरीचं नेतृत्व केलं. भरघोस मिश्यांमुळं सैन्यात ‘मुच्छू’ हे टोपणनाव. फाळणीनंतर लष्करी मुख्यालयात मोहिमांचं काम पाहिलं आणि १९४८ च्या उन्हाळ्यात पहिल्या चिलखती डिव्हिजनची सूत्रं हाती घेतली. चाळिशीतला, घाई आवडणारा, इंग्रजी वळणाचा रणगाडा-अधिकारी असं त्यांचं चित्र बहुतेक लिखाणातून उभं राहतं.

१३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे ही डिव्हिजन सोलापूरकडून मोगलाईत, म्हणजे निजामाच्या मुलखात, शिरली. एकूण मोहीम दक्षिण कमांडचे प्रमुख लेफ्टनंट जनरल राजेंद्रसिंहजी यांच्याकडं होती, पण मुख्य धडक चौधरींची. पहिली लढाई आपल्या नळदुर्गला झाली. बोरी नदीवरचा पूल सुरुंग लावून उडवायचा आणि सोलापूर-हैदराबाद रस्ताच तोडायचा, असा हैदराबादी फौजेचा बेत होता. ते काम एका भाडोत्री इंग्रज अधिकाऱ्याकडं होतं. तो पकडला गेला आणि पूल शाबूत हाती आला. सकाळी नऊला रणगाडे जळकोटात होते, दुपारी सव्वातीनपर्यंत उमरग्यात. दुसरी तुकडी पहाटेच तुळजापूरला पोचली. तिथं पहिल्या हैदराबाद इन्फंट्रीची तुकडी आणि दोनेकशे रझाकार यांनी दोन तास झुंज दिली आणि मग हत्यारं टाकली. लोहाऱ्याकडं जाणारी वाट नदीला पूर आल्यानं अडली. भाद्रपदातल्या आपल्या नद्यांनी निजामाला केलेली मदत तेवढीच. वर औरंगाबादवर मेजर जनरल डी. एस. ब्रार यांच्या तुकड्या चालून आल्या आणि दुसऱ्याच दिवशी शहरानं शरणागती दिली. जालन्यात मात्र चांगलाच प्रतिकार झाला. लातूर आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचं अंबाजोगाई, ही ठाणी त्यानंतर पडली. १७ तारखेला निजामानं युद्धविराम जाहीर केला, १८ ला हैदराबादचे सेनापती जनरल एल एद्रूस यांनी चौधरींपुढं शरणागती पत्करली.

लष्करी दृष्टीनं मोहीम उत्तम होती याबद्दल वाद नाही. समोरचा शत्रू तगडा नव्हता हेही तितकंच खरं. हैदराबादच्या बावीस-चोवीस हजारांच्या फौजेत नीट शिकवलेले सैनिक सहाएक हजारच असतील. रझाकारांनी निःशस्त्र गावांवर मर्दुमकी गाजवली होती, पण रणगाड्यांपुढं त्यांचा टिकाव लागणं शक्य नव्हतं. दिल्लीतले इंग्रज सरसेनापती बुचर यांचा या कारवाईला विरोध होता, लढाई लांबेल अशी त्यांना भीती होती. ती पाच दिवसांत उरकली. विजयाचं श्रेय चौधरींना द्यावंच लागतं आणि द्यायला हरकत नाही.

पुढचं काम अवघड होतं. मला वाटतं, आपल्याकडच्या इतिहासलेखनाची गाडी नेमकी तिथंच रुळावरून घसरते.

चिलखती डिव्हिजनचं काम पुढं जायचं असतं. नळदुर्ग पडलं की जळकोट, जळकोट पडलं की उमरगा, मग हुमनाबाद, झहीराबाद. मागं काय उरलं? निजामाचे तालुकदार, तहसीलदार, पोलीस हे तर पळाले, नाहीतर पकडले गेले, नाहीतर घरात दडून बसले. ज्या पोलिसांच्या नावानं लोक थरथर कापायचे त्यांची सत्ता एका दुपारी संपली आणि तिच्या जागी दुसरी यायला कित्येक दिवस लागले. आधीच्या वर्षभरात रझाकारांनी लूट, जाळपोळ, खून, बायकांवर अत्याचार यांचा कहर केला होता. हजारो कुटुंबं बार्शी, सोलापूर, उमरखेडकडं भारताच्या मुलखात पळाली होती. आता ती परतत होती. सूड घ्यायला माणसं होती, हत्यारं होती, आणि अडवायला कुणी नव्हतं. सूड मात्र रझाकारांपुरता राहिला नाही. सापडेल त्या मुसलमानावर, म्हणजे विणकरावर, कुळावर, शिक्षकावर, दुकानदारावर तो उगवला गेला.

याची चौकशी करायला पंडित नेहरूंच्या पुढाकारानं पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफ्फार आणि मौलाना अब्दुल्ला मिसरी हे तिघं १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात हैदराबाद संस्थानात फिरले. त्यांच्या अहवालाचा अंदाज असा की या लष्करी कारवाईच्या म्हणजे सरकारी भाषेत पोलीस अ‍ॅक्शनच्या काळात आणि नंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. सर्वांत भीषण चार जिल्हे म्हणून त्यांनी उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड यांची नावं दिली आणि तिथला मृतांचा आकडा किमान १८ हजार धरला. या चारांपैकी दोन आजच्या मराठवाड्यातले. बिदर, गुलबर्गा आणि उस्मानाबाद हे तीन जिल्हे सोलापूर-हैदराबाद रस्त्याला लागून आहेत, म्हणजे नेमके चौधरींचे रणगाडे ज्या रस्त्यानं गेले त्याच्या दोन्ही अंगांना. हा निव्वळ योगायोग आहे असं मला वाटत नाही. फौज जिथून वेगानं पुढं गेली, तिथंच पोकळी सर्वांत खोल होती. लातूरबद्दल अहवाल सांगतो की कत्तल वीस दिवसांहून अधिक चालली. दहा हजारांच्या आसपास मुसलमान वस्तीतले जेमतेम तीन हजार समितीला तिथं भेटले. हजारावर मारले गेले होते, बाकीचे पळाले होते. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचाच वकील. त्यानं पेटवलेल्या आगीत त्याच्याच गावचे, त्याच्याशी काडीचा संबंध नसलेले लोक होरपळले. तो स्वतः तुरुंगातून सुटून पाकिस्तानात गेला आणि १९७० साली कराचीत वारला.

या आकड्यांवर वाद आहेत. समितीनं प्रत्येक गावात जाऊन प्रेतं मोजलेली नव्हती. साक्षींवरून काढलेला तो अंदाज आहे. सरदार पटेलांना ही समितीच पसंत नव्हती. रझाकारांच्या अत्याचारांकडं तिनं दुर्लक्ष केलं, असा त्यांचा आक्षेप होता. तो आक्षेप बाजूला ठेवू नये. पण आकडा निम्मा धरला, पाव धरला, तरी उस्मानाबाद आणि नांदेड जिल्ह्यांत काहीतरी भयंकर घडलं हे नाकारता येत नाही. आणि नाकारायचं कुणासमोर? आपल्याच घरातल्या म्हाताऱ्यांनी ‘अ‍ॅक्शनच्या वक्ताला’ काय पाहिलं ते मराठवाड्यातल्या कित्येक घरांत दबक्या आवाजात सांगितलं गेलं आहेच. फक्त ते ओसरीवर राहिलं, पुस्तकात आलं नाही.

आता चौधरी. अहवाल वाचताना सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट अशी की चौधरींविषयी त्यात वाईट काही नाही. उलट ते जातीय पूर्वग्रहापासून मुक्त आहेत, शिस्तीचे आहेत, सभ्य गृहस्थ आहेत, असं हैदराबादच्या प्रतिष्ठित मुसलमानांचंच मत त्यात नोंदवलेलं आहे. आणि त्याच अहवालात असंही आहे की काही ठिकाणी सैनिकांनी मुसलमान पुरुषांना घराबाहेर काढून मारलं, काही ठिकाणी लुटीला उत्तेजन दिलं, तर काही ठिकाणी त्याच सैन्यानं मुसलमानांचं रक्षण केलं. शस्त्रं जमा करण्याचा हुकूम हिंदू आणि मुसलमान दोघांनाही लागू होता. प्रत्यक्षात मुसलमानांची शस्त्रं काढून घेतली गेली आणि हिंदूंची त्यांच्यापाशीच राहिली. हा शेवटचा मुद्दा मला कत्तलीच्या आकड्यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो. संतापलेल्या शिपायानं केलेलं कृत्य एका माणसाचं असतं. हुकूम मात्र वरून येतो आणि तो खाली कसा राबवला गेला हे पाहणं हेच सेनापतीचं काम असतं.

‘चौधरी स्वतः सज्जन होते’ असं म्हटलं की आपल्याकडं विषय मिटतो. मिटू नये. सेनापतीच्या सज्जनपणाचं मोल तो त्याच्या शेवटच्या नाईकापर्यंत पोचतो की नाही यावर ठरतं. त्याआधी तीनच वर्षं मनिलामध्ये जपानी जनरल यामाशितावर खटला चालला होता. सैनिकांनी केलेल्या अत्याचारांना आळा घालण्यात कसूर केली म्हणून त्याला दोषी ठरवलं गेलं आणि १९४६ साली फाशी दिलं गेलं. चौधरींना यामाशिताच्या रांगेत बसवायचा माझा इरादा नाही. दोन्ही प्रकरणांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि त्या खटल्यात जेत्यांचा न्याय होता अशी टीका अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातल्या दोन न्यायमूर्तींनीच केली होती. पण आपल्या हाताखाली काय चाललंय याची जबाबदारी सेनापतीवर असते, हे तत्त्व १९४८ साली जगाला नवीन नव्हतं. ब्रह्मदेशात जपान्यांशीच लढून आलेल्या अधिकाऱ्याला तर ते ठाऊक असणारच.

चौधरींच्या बाजूनं बरंच बोलता येतं. त्यांच्याकडं ठाणी सांभाळायला माणसं कमी होती. हैदराबाद शहर हातातून गेलं असतं तर दंगल किती पसरली असती याचा अंदाज करवत नाही, म्हणून लवकर राजधानी गाठणं गरजेचं होतं. सोलापुरासारख्या ठिकाणांहून सशस्त्र टोळ्या आत शिरल्या असं अहवालच म्हणतो. त्या अडवणं हे शेजारच्या मुंबई प्रांताच्या पोलिसांचंही काम होतं. आणि अंतिम जबाबदारी दिल्लीची होती, जिथं गृहखातं पटेलांकडं होतं. हे सगळं मला मान्य आहे. तरीही लातूरचे वीस दिवस उरतातच. पहिल्या चार-पाच दिवसांना लढाईची सबब चालेल. १८ सप्टेंबरला शरणागती झाल्यावर लष्करी गव्हर्नर म्हणून सगळी सत्ता हाती असलेल्या माणसाला ऑक्टोबरातल्या लातूरचा जाब विचारायलाच हवा. सोलापूरहून लातूर काही चंद्रावर नाही.

दुसरी बाजू न सांगणं अन्याय होईल. चौधरींची कारकीर्द फक्त बंदुकीची नव्हती. त्यांच्यासोबत द. शं. बखले यांच्यासारखे मुंबईकडचे अनुभवी मुलकी अधिकारी होते. याच काळात, १९४९ साली, निजामाची खाजगी मालमत्ता असलेला सर्फ-ए-खास मुलूख सरकारजमा झाला आणि ऑगस्टमध्ये जहागिरी रद्द झाल्या. संस्थानाचा जवळपास एक तृतीयांश मुलूख जहागिरीत होता. तिथला शेतकरी सरकारचा नव्हता, जहागीरदाराचा होता. सारा, वेठबिगार, वरचे पट्टीचे पैसे, सगळं गढीवरच्या मर्जीवर. हा डोलारा एका नियमानं कोसळला. मुंबई राज्याला आणि उत्तर प्रदेशाला जे करायला कायदेमंडळं, समित्या, कोर्टकचेऱ्या लागल्या, ते एका जनरलच्या राजवटीत काही महिन्यांत झालं. (हुकूमशाहीत सुधारणा लवकर होतात, या आवडत्या समजाला इथं थोडं खाद्य मिळतं. पण तेलंगणात त्याच राजवटीनं कम्युनिस्टांच्या पाठीमागं लागून गावंच्या गावं भरडली, हेही त्याच हिशेबात धरावं लागेल.) आमच्याकडच्या जहागिरीतल्या कुळांच्या वंशजांना हे ठाऊकच नाही, कारण त्यांनाही चौधरींचं नाव कुणी सांगितलेलं नाही. गौरवाचा भागही आपण विसरलो, तो याच शांततेमुळं.

पुढं हा माणूस बराच वर गेला. डिसेंबर १९६१ मध्ये दक्षिण कमांडचे प्रमुख म्हणून गोवा मुक्तीची मोहीम त्यांच्या हाताखाली झाली. नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनसमोर धूळदाण उडाली आणि जनरल थापर पायउतार झाले, तेव्हा चौधरी लष्करप्रमुख झाले. संरक्षणमंत्रीही त्याच आठवड्यात बदलले: यशवंतराव चव्हाण मुंबईहून दिल्लीला गेले. चौधरींनी पराभवाची चौकशी लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रूक्स आणि ब्रिगेडियर प्रेमिंदर भगत यांच्यावर सोपवली. लष्करी मुख्यालयाचा कारभार मात्र त्या चौकशीच्या कक्षेबाहेर राहिला. अहवाल १९६३ मध्ये तयार झाला, चव्हाणांनी संसदेत त्याबद्दल निवेदन केलं आणि तो तिजोरीत गेला. २०१४ साली एका परदेशी पत्रकारानं त्याचा काही भाग इंटरनेटवर टाकला. सरकारनं अजूनही तो जाहीर केलेला नाही.

मग १९६५. पाकिस्तानच्या चिलखती दलानं खेमकरणच्या बाजूनं धडक मारली तेव्हा बियास नदीमागं हटायचा सल्ला चौधरींनी दिला आणि आपण तो मानला नाही, असं पश्चिम कमांडचे प्रमुख हरबक्ष सिंग यांनी लिहून ठेवलं आहे. असल उत्तरला त्यानंतर पाकिस्तानी रणगाड्यांची जी दाणादाण झाली ती सर्वांना ठाऊक आहे. युद्धाच्या अखेरीस शास्त्रीजींनी विचारलं, आणखी काही दिवस लढलो तर जिंकू का? तेव्हा पुढच्या फळीतला दारूगोळा बव्हंशी संपत आलाय आणि रणगाड्यांचं नुकसानही मोठं आहे, असं उत्तर चौधरींकडून गेलं, असं त्या काळातल्या नोंदी सांगतात. मागाहून हिशेब झाला तेव्हा दारूगोळा जेमतेम १४ टक्के वापरलेला निघाला. तोवर २३ सप्टेंबरची युद्धबंदी होऊन गेली होती. हवाई दल आणि नौदलाला त्यांनी विश्वासात घेतलं नाही, ही तक्रार पुढे हवाई दलाचे प्रमुख झालेल्या प्रतापचंद्र लाल यांनी केली. १९६६ मध्ये पद्मविभूषण, मग कॅनडात उच्चायुक्त, १९८३ मध्ये निधन.

१९६५ इथं ओढून आणायचं कारण आहे. दारूगोळ्याचा खरा आकडा जो लष्करप्रमुख शेवटपर्यंत मिळवू शकला नाही, त्याला सतरा वर्षांपूर्वी लातूरची खरी खबर वेळेत मिळाली असेल का? माझा अंदाज, आणि तो अंदाजच आहे, की चौधरींचा दोष क्रूरपणाचा नव्हता, खालची खबर न ऐकण्याचा होता. रणगाड्याच्या बुरुजातून समोरचं लांबवर दिसतं, पायाशी काय चिरडलं ते दिसत नाही. हा अंदाज चूक ठरवायचा असेल तर कागद हवेत. आणि कागदांची गोष्ट ऐका: हैदराबादचा अहवाल सरकारनं छापला नाही, १९६२ चा गुप्त, १९६५ चं भांडण निवृत्त अधिकाऱ्यांच्या आठवणींत. एका सेनापतीच्या कारकिर्दीत तीन मोठे हिशेब आणि तिन्ही वेळा सरकारनं वही मिटून ठेवली. मग चौधरी थोर होते की अपयशी, हे ठरवायचं कशावर? ज्यांची मतं आधीच ठरली आहेत त्यांचं बरं चालतं.

आणि मतं तर ठरलेलीच आहेत. २०२२ पासून केंद्र सरकार सिकंदराबादला ‘हैदराबाद मुक्ती दिन’ साजरा करतं. तेलंगणात सरकार बदललं की दिवसाचं नाव बदलतं. आपल्याकडं अमृतमहोत्सवाच्या निमित्तानं सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळ छत्रपती संभाजीनगरला बसलं आणि ४५ हजार कोटींच्या वर घोषणा झाल्या. एका बाजूला रझाकार म्हटलं की मते मिळतात, म्हणून रझाकारांच्या पुढचं पान उलटायचंच नाही. दुसऱ्या बाजूचे काही लोक सुंदरलाल अहवालातलं सोयीचं वाक्य उचलून असं भासवतात की १९४८ च्या सप्टेंबरापूर्वी मराठवाड्यात स्वर्ग नांदत होता आणि भारतीय फौजांनी येऊन तो उद्ध्वस्त केला. निजामाविरुद्धच्या लढ्यातले कार्यकर्ते गोविंदराव पानसरे यांना १९४६ मध्ये अर्जापूरजवळ कुणी मारलं, हे या मंडळींनी नांदेड जिल्ह्यात कुणालाही विचारावं. दोन्ही बाजूंना चौधरींच्या खऱ्या हिशेबाशी कर्तव्य नाही. एकीला तो अडचणीचा आहे आणि दुसरीला तो पुरेसा काळा नाही.

कुणी म्हणेल, आता कशाला जुनी मढी उकरायची? हा आक्षेप मराठवाड्यात तरी टिकत नाही. गेल्या काही वर्षांत आपण निजामकाळातलं एक दफ्तर सोडलेलं नाही. कुणबी नोंदींसाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती गावोगावी फिरली, मोडी आणि उर्दू वाचणारे शोधून काढले गेले, हैदराबादच्या अभिलेखागारापर्यंत अधिकारी गेले. २ सप्टेंबर २०२५ ला हैदराबाद गॅझेटच्या आधारे शासन निर्णयही निघाला. आरक्षणाच्या त्या वादात मला इथं शिरायचं नाही. पण इच्छा असली की निजामाचा कागद सापडतो, उर्दू वाचता येतं, आणि शंभर वर्षांपूर्वीची नोंद ‘जुनी मढी’ ठरत नाही, हे तर सिद्ध झालं. मग १९४८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरातल्या तहसीलच्या नोंदी, लष्करी गव्हर्नरच्या कार्यालयाचे अहवाल, रझाकारांवर चाललेल्या विशेष न्यायालयांची कागदपत्रं, विस्थापितांच्या अर्जांचे गठ्ठे यांच्याकडं त्याच नजरेनं कुणी का पाहू नये?

माझी मागणी भाबडी वाटेल, पण ती करण्यासारखी आहे. सुंदरलाल अहवालाचा संपूर्ण मराठी अनुवाद, त्यावरच्या पटेलांच्या आक्षेपांसह, राज्य सरकारच्या दर्शनिका (गॅझेटियर) विभागानं किंवा नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठानं छापावा. त्याच खंडात रझाकारांच्या अत्याचारांच्या जिल्हावार नोंदी असाव्यात, चौधरींच्या राजवटीतले हुकूम असावेत, जहागिरी रद्द करणारा नियम असावा. एक पान वगळून दुसरं छापायचं नाही, एवढी एकच अट. रामानंद तीर्थांचं नाव लावणाऱ्या विद्यापीठाला ही अट जड जाऊ नये. निजामाविरुद्ध लढताना त्यांनी मुसलमान समाजाविरुद्ध लढाई पुकारलेली नव्हती.

शिवाय हा खंड निघाला तर त्यात आपल्याला नको असलेल्याच गोष्टी असतील असं नाही. त्याच अहवालात हिंदूंनी शेजारच्या मुसलमानांना जिवावर उदार होऊन वाचवल्याची उदाहरणं आहेत. विणकरांचा उल्लेख तर खास आहे: काही ठिकाणी हिंदू विणकर मुसलमान विणकरांच्या बाजूनं उभे राहिले आणि त्यापायी मारले गेले. ही माणसं कोणत्या गावची, त्यांची नावं काय, त्यांच्या घरी आज कोण आहे? हुतात्मा स्मारकावर त्यांना जागा मिळायला हवी. रझाकारांच्या हातून मेलेल्यांची यादी आपण जमवली, ती जमवायलाच हवी होती. या दुसऱ्या यादीतलं एकही नाव आपल्या जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये मला सापडलेलं नाही, आणि ते शोधण्यासाठी उस्मानाबाद-नांदेडातल्या ऐंशी-नव्वदीच्या माणसांकडं जाऊन बसायला फार वर्षं उरलेली नाहीत.